तळहातावरची तर्री

वामनभाऊ धकात्यांच्या उजव्या तळहाताच्या खळग्यात एक डाग होता. तांबूस, पिवळसर, जुन्या रुपयाएवढा. मेंदी उतरायला लागली की दिसते ना, तसा. साबणानं तो जात नसे आणि वामनभाऊंना तो जायला नकोच होता. नागपूरच्या जुन्या वस्तीत त्यांचं सावजी भोजनालय होतं, वडिलांनी सुरू केलेलं. मटणाचा मोठा गंज, म्हणजे खोल पातेलं, चुलीवरून उतरण्याआधी डाव्या हातातल्या पळीनं उजव्या तळहातावर रस्सा ओतायचा, वर तरंगणारी लाल तर्री खळग्यात जमू द्यायची आणि एका झटक्यात जिभेनं उचलायची. मग डोळे मिटून थोडं थांबायचं आणि 'उतरवा' म्हणायचं. हा अधिकार त्या घरात एका वेळी एकाच माणसाकडे असे. आधी तो वडिलांकडे होता, मग थोरल्या भावाकडे, मग वामनभाऊंकडे आला. आनंदानं आला नव्हता, ते पुढे येईलच.

मी विम्याचा एजंट. म्हणजे लोकांना त्यांच्या मरणाची आठवण करून देऊन स्वतःचं जगणं चालवणारा प्राणी. मला येताना पाहून लोक मागच्या दारानं बाजारात जायचे. हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमध्ये वामनभाऊंनी नवं घर बांधलं तेव्हा त्यांचं मागचं दार नेमकं माझ्या पुढच्या दारासमोर आलं. सुटायला जागाच नव्हती बिचाऱ्यांना.

तरी मी घरी गेलो नाही. माणूस आपल्या धंद्याच्या जागी खुशीत असतो, असं आम्हाला शिकवलेलं. म्हणून दुपारी भोजनालयात गेलो, मटणाची थाळी मागवली, आणि आपण अस्सल खवय्ये आहोत हे दाखवायला वरून तर्री मागून घेतली. मी वरण-भाताच्या घरातला. तिसऱ्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. चौथ्याला दोन्ही डोळे आणि नाक एकदम वाहू लागलं. तेवढ्यात वामनभाऊ समोर येऊन बसले. काडीसारखा बारीक माणूस, पांढरी बनियन, खांद्यावर दुपट्टा.

"बोला," ते म्हणाले.

मी पॉलिसीचा कागद पुढे केला आणि तोंड उघडलं. आवाज आला नाही, नुसतीच फुंकर आली.

"आधी नाक पुसा गा भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "मंग माह्या मरणाचं बोला."

आमची ओळख झाली ती अशी.

त्या दिवशी आणखी एक चमत्कार झाला. माझं एक अक्षरही बोलून व्हायच्या आत वामनभाऊ हो म्हणाले. इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं, त्यामुळे मी घाबरलोच. त्यांनी गल्ल्यामागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे हार घातलेले दोन फोटो होते, दोघांच्याही मिशा काळ्याभोर. पहिला वडिलांचा, दुसरा थोरल्या भावाचा. दोघेही पन्नाशीच्या अलीकडे गेले होते. वडील तर हातात पळी असतानाच गंजाशेजारी बसले आणि उठलेच नाहीत. वस्तीत कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे चुलीची आच बाधली.

"बाप याच वयात गेला, भाऊ याच वयात गेला," वामनभाऊ म्हणाले. "आता माहा नंबर हाय. काढा कागद."

रांगेत उभ्या माणसानं पुढच्याची चौकशी करावी इतक्या सहजपणे ते बोलले. गल्ल्यावर त्यांची मुलगी संगीता बसली होती. कॉलेज नुकतंच संपलेली, बापासारखीच सडपातळ. तिनं मान वर केली नाही, पण सुट्टे मोजता मोजता ती चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली, हे मला दिसलं.

वामनभाऊंचे नियम फार नव्हते, पण जे होते ते दगडी होते. ते स्वतःच्या भोजनालयात कधी जेवत नसत. दोन वेळा घरी, पोळी आणि वरण. तारीफ केली की वाढप्याला सांगत, "याहीले अजून पोळी दे," म्हणजे तोंड बंद होतं. तर्री फार आहे असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "तर्री म्हंजे दरवाजा हाय. दरवाजाच नाई आवडला तं माणूस आत कायले येईन?"

सगळ्यात कडक नियम खर्र्याचा. सुपारी-तंबाखू घोटलेला खर्रा हा आमच्या नागपुरात निम्म्या पुरुषांचा खाऊ. वामनभाऊंच्या स्वयंपाकघरात खर्रा खाणाऱ्याला प्रवेश नव्हता. ज्याची जीभ मेली त्यानं चुलीजवळ येऊ नये, असं ते म्हणत. माझ्या गालात तेव्हा सदैव एक गोळी असे. ते माझ्याशी बोलताना किंचित पुढे झुकत आणि वास घेत. मी समजायचो, हा माणूस किती आपुलकीनं जवळ येतो.

विम्यासाठी रक्ततपासणी करायची होती. सकाळी उपाशीपोटी माझ्या घरी यायचं, असं मी निक्षून सांगितलं. वामनभाऊ आले, पोटात काही नाही म्हणाले, बाही वर केली. माझी नजर त्यांच्या तळहातावर गेली. डाग ओला होता.

"भाऊ, काही खाल्लं तर नाही ना?"

"छे गा. चाखलं फक्त."

रक्त घ्यायला आलेल्या माणसाला मी परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी संगीतानं बापाला घरातून भोजनालयात जाऊच दिलं नाही, दारात खुर्ची टाकून बसली. तेव्हा कुठे खरं रक्त मिळालं. आणि त्या रक्ताचा रिपोर्ट असा आला, की कंपनीनं पॉलिसी तूर्त बाजूला ठेवली आणि आधी डॉक्टरला दाखवा असं कळवलं. कोलेस्टेरॉल. त्यातही जे वाईट म्हणतात ते, भरपूर.

मला हे साफ खोटं वाटलं. कोलेस्टेरॉल हा माझ्यासारख्या देहाचा मक्ता आहे अशी माझी समजूत होती. शर्टाची मधली दोन बटणं माझ्यावर नाराज असत, आणि हा माणूस तर वाऱ्यावर उडेल असा. म्हणून मी स्वतः वामनभाऊंना आणि संगीताला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. मी वकिलासारखा उभा राहिलो आणि म्हणालो, मॅडम, रिपोर्टात गडबड असणार, यांच्या अंगावर चरबी आहे कुठे?

त्यांनी वामनभाऊंकडे पाहिलंच नाही. माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमची तपासणी कधी झाली?"

झाली मग. दोन दिवसांनी. मीही त्याच वर्गात बसलो, फक्त मागच्या बाकावर.

आमचे दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून बाईंनी आधी वामनभाऊंना विचारलं, काय जेवता? वामनभाऊंनी खरं तेच सांगितलं, पोळी आणि वरण. बाई लिहून घेणार, इतक्यात संगीता म्हणाली, "बाबा, हात दाखवा."

"कायले?"

"दाखवा ना."

वामनभाऊंनी हात पुढे केला. बाईंनी तो हातात घेतला, दिव्याखाली धरला, खळग्यातल्या डागावरून बोट फिरवलं. हात पाहणारे ज्योतिषी मी पुष्कळ पाहिले आहेत, पण असं भविष्य कुणी सांगितलेलं पाहिलं नाही. संगीतानं सगळं सांगितलं. सकाळचा गंज, दुपारचा गंज, संध्याकाळचा गंज, खिमा वेगळा, खूर वेगळे, लग्नाच्या ऑर्डरी वेगळ्या, आणि प्रत्येक वेळी एकदा नाही. मीठ टाकण्याआधी, टाकल्यावर, आणि उतरवताना. माणूस जेवत नव्हता, हे खरंच होतं. दिवसभर चाखत होता.

बाईंनी मग साध्या भाषेत समजावलं. कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे, शरीराला ते लागतं आणि आपलं यकृत ते स्वतः बनवतं. पण काही घराण्यांत रक्तातलं जास्तीचं कोलेस्टेरॉल उचलून घेण्याचं यकृताचं काम जन्मापासून कमी पडतं. त्यात माणसाचं बारीक असणं, जाड असणं काही कामाला येत नाही. वरून मटणाची चरबी, डालडा, पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल आलं की भर पडते. ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं बसत जातं. दुखत नाही, खुपत नाही, दम लागत नाही. आणि एक दिवस वाट बंद होते.

वामनभाऊ म्हणाले, "हिवाळ्यात गंजाच्या काठाले पांढरं धरते, तसं?"

"साधारण तसं. पण ते गरम पाण्यानं सुटतं, हे सुटत नाही."

मी खाली पाहिलं. कारण गेले दोन दिवस मी पहाटे उठून तांब्याभर कढत पाणी पीत होतो. मोबाइलवर कुणीतरी पाठवलं होतं, की त्यानं आतली चरबी वितळते. माझी फक्त जीभ भाजली होती.

मग वामनभाऊंनी एकच प्रश्न विचारला.

"म्हंजे माह्या बापाले नजर नाई लागली?"

"नाही. त्यांची कधी तपासणीच झाली नाही."

"अन् भावाची?"

बाईंनी नुसती मान हलवली.

खुर्चीवरून उठताना वामनभाऊंनी गुडघ्यावर हात टेकले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग माहा नंबर अजून पक्का नाई, विमावाले."

मी आयुष्यात खूप लोकांना मृत्यूची आठवण करून दिली आहे. कुणी ती अशी परत करताना मी पाहिलं नव्हतं.

गोळी सुरू झाली, त्यांनाही आणि मलाही. चालणं सुरू झालं. घरात तेलाचं माप आलं, ताटात भाज्या आणि डाळी वाढल्या, जवसाची चटणी आली. यातलं काहीच वामनभाऊंना जड गेलं नाही. जड गेला तळहात. बाई म्हणाल्या होत्या, चाखणं बंद. आता आचाऱ्याला चाखू नको म्हणणं म्हणजे पेटीवाल्याला कानात कापूस घालून बस म्हणण्यासारखं. पहिल्या आठवड्यात त्यांनी चाखून थुंकायचा प्रयत्न केला. एकदाच. चूळ मोरीत टाकली आणि स्वतःचाच चेहरा असा केला, जणू देवापुढचं पान पायानं लोटलं. पुन्हा ते केलं नाही. मग नुसत्या वासावर गंज उतरवायला लागले. वास त्यांचा पक्का होता, पण मीठ वासात येत नाही. एक दिवस आळणी, एक दिवस खारट. जुनी गिऱ्हाइकं बोलत नव्हती, पण ताटात रस्सा राहू लागला. वामनभाऊ ती ताटं स्वतः उचलून नेत आणि मोरीपाशी उभे राहून पाहत.

एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "बाईनं माहा जीव वाचवला, पन आता मी करू काय त्याचं?" उत्तर सुचलं नाही की मी कल्पना लढवतो, हा माझा जुना रोग.

मी म्हणालो, भाऊ, चाखायला मी आहे ना.

माझा रिपोर्ट त्यांच्यासारखाच होता, हे मी सोयीस्करपणे विसरलो. माझी जीभ खर्र्यानं कधीच निवृत्त झाली आहे, हे मला माहीतच नव्हतं. जिभेचं एक वाईट असतं, ती मेल्याचं तिच्या मालकाला सगळ्यात शेवटी कळतं. वामनभाऊ माझ्या तोंडाजवळ झुकले, वास घेतला, काही म्हणणार होते, पण त्या दिवशी मोठी ऑर्डर होती. नात्यातल्याच एका घरचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, भोजनालयासमोरच मांडव टाकून होतं, मुलाकडची मंडळी नरखेडकडून येणार होती, आणि वाढपी ताटं मांडून बसले होते. थकलेला माणूस कुणाच्याही हातात पळी देतो.

मी तळहात पुढे केला. अगदी त्यांच्यासारखा. तर्री खळग्यात जमली, मी जीभ लावली, डोळे मिटले, आणि अनुभवी सुरात सांगितलं, "मीठ कमी आहे."

घातलं. मी पुन्हा चाखलं. अजून कमी. घातलं. तिसऱ्यांदाही मी तेच म्हणालो, तेव्हा गल्ल्यावरून उठून संगीता आत आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पळी उचलली, नाकाजवळ नेली, आणि स्वतःचा उजवा तळहात पुढे केला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या घरात मसाला बाया वाटत. पाट्यावर, घरी, दार लावून. संगीता लहान असल्यापासून आईच्या शेजारी बसून वाटत आली होती; कोणता मसाला किती भाजायचा, ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण गंज पुरुषांचा. चुलीवरचा रस्सा कुठल्याही बाईनं कधी चाखला नव्हता. कुणी मनाई केली होती असंही नाही. कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

पळी कलली आणि वामनभाऊंनी तिचं मनगट धरलं.

मला वाटलं, आता रूढी बोलणार. संगीतालाही तेच वाटलं असावं, कारण तिनं हात मागे घेतला नाही, उलट ताठ केला.

"तळहातावर नको," वामनभाऊ म्हणाले.

"मंग कशावर?"

"नखावर घे. एक थेंब. याच्या वर नाई."

तिनं अंगठ्याच्या नखावर थेंब घेतला. चाखला. मग माझ्याकडे पाहिलं. पुराच्या पाण्यानं वाहून जाणाऱ्या म्हशीकडे पाहावं तसं.

"काका, हा तं समुद्र झाला," ती म्हणाली.

पुढचा तास तिचा होता. दुसऱ्या गंजात बिनमिठाचा रस्सा चढवला, मसाला तिनं आपल्या हातानं सोडला, पहिला गंज त्यात थोडा थोडा मिळवत गेली. वर आलेली तर्री पळीनं काढून वेगळ्या भांड्यात ठेवली, म्हणाली, ज्याला पाहिजे तो वरून घेईल. चाखलं मात्र एकदाच, शेवटी, नखावर. मी कोपऱ्यात कांदे सोलत बसलो. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण रडायला काहीतरी कारण हवं होतं.

जेवणं झाल्यावर मुलाकडचे एक वृद्ध गृहस्थ हात धुऊन सरळ स्वयंपाकघरात आले आणि विचारू लागले, हात कोणाचा? हा प्रश्न वामनभाऊंना हजारदा विचारला गेला असेल, आणि प्रत्येक वेळी ते न बोलता उजवा तळहात दाखवत. त्या दिवशी त्यांचा हात सवयीनं वर आला, मध्येच थांबला, आणि वळून संगीताच्या खांद्यावर गेला.

"माह्या पोरीचा," ते म्हणाले. आवाज जरा मोठाच लागला त्यांचा. बाहेर मांडवात ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर वामनभाऊ समोर उभे. त्यांना रात्रभर झोप नव्हती. म्हणाले, "पोरीले चूल देली. पन या चुलीसंगं रक्तही जाते ना, भाऊ?" ते तिला तपासणीला घेऊन निघाले होते आणि एकटं जायची हिंमत नव्हती. संगीता वैतागली होती. मी धडधाकट आहे, रोज सायकल चालवते, मला काय झालंय, असं तिचं चालू होतं. बापाच्या वेळी दारात खुर्ची टाकून बसणारी हीच. वामनभाऊ तिला एवढंच म्हणाले, "मी बी धडधाकटच होतो वं."

रिपोर्टात तिचंही वाढलेलं निघालं. बापाइतकं नाही, पण वयाच्या मानानं पुष्कळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घराण्याचं दिसतंय. आत्ता खाण्यावर लक्ष ठेवू, ठरल्या वेळी रक्त तपासू, औषधाचं पुढे ठरवू. लवकर कळलं ते फार चांगलं झालं. मी वामनभाऊंकडे पाहायचं टाळत होतो. मला वाटलं माणूस मोडणार. ते बाहेर आले, चपला घातल्या, आणि मला म्हणाले, "सापडलं."

हरवलेली वस्तू सापडल्यावर म्हणतात, त्या सुरात. वडिलांचं सापडलं नव्हतं. भावाचं सापडलं नव्हतं. हे सापडलं.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्हा दोघांचेही रिपोर्ट उत्तम आले. मी आनंदानं गोळी बंद केली. रोग बरा झाला, औषध कशाला? एवढंच करून थांबलो असतो तर मी कसला. वामनभाऊंनाही तोच सल्ला द्यायला गेलो. ते तेव्हा चुलीशी होते. त्यांनी खाली वाकून चुलीतलं एक लाकूड बाहेर ओढलं. गंजातली उकळी हळूहळू बसली.

"पहा. आच कमी केली म्हनून बसली," ते म्हणाले. "आता हे लाकूड परत आत सारलं तं?"

मी म्हणालो, वर येईल.

"मंग गोळी काहून सोडली? रिपोर्ट चांगला आला तो गोळीनं आला. सोडायची का नाई, ते बाईले विचारा. मले नका विचारू अन् स्वतःले तं बिलकुल नका विचारू."

मी विचारलं नाही. पुढच्या तपासणीत माझी उकळी गंजाबाहेर सांडली. तेव्हापासून वामनभाऊंनी माझा ताबा घेतला. सकाळी मागच्या दारातून हाक येई, "विमावाले, चला." आम्ही मैदानाला फेऱ्या घालायचो. पूर्वी मीही रविवारी फिरायला जायचो, पण फेरी संपायची ती कोपऱ्यावरच्या ठेल्यापाशी, तर्री मारलेल्या पोह्यांवर; घाम आला म्हणजे हिशेब फिटला, असा माझा समज. वामनभाऊ ठेल्यासमोरून जाताना माझ्या कोपराला धरत, आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसं. खर्र्याची पुडी त्यांनी माझ्या खिशातून एकदाही काढली नाही. नुसते झुकायचे आणि वास घ्यायचे. आपुलकी नव्हती ती, तपासणी होती, हे मला उशिरा कळलं. मग असंही कळलं, की होती ती आपुलकीच. खर्रा सुटला. जीभ हळूहळू परत आली. आल्यावर पहिल्यांदा मला कळलं, की वामनभाऊंच्या रस्स्यात धन्याचा वास येतो.

भोजनालयात तेव्हापासून तर्री वेगळ्या वाटीत मिळू लागली. मटणाची चरबी आधीच काढायची, डालड्याला दार बंद, वापरलेलं तेल पुन्हा चढवायचं नाही, हे नियम संगीतानं आणले. काही जुन्या गिऱ्हाइकांनी टोमणे मारले. एकानं विचारलं, आता नाडीही पाहता का इथं? वामनभाऊ म्हणाले, "दरवाजा आहेच ना भाऊ. फक्त उघडा ठेवला. ज्याले पाहिजे त्यानं आत जावं, ज्याले नाई त्यानं ओट्यावर बसावं. जेवण दोघाइलेही सारखं भेटन." तो माणूस आजही येतो. वाटी घेत नाही.

गेल्या वर्षी मी पुण्याला मुलाकडे राहायला आलो. इथले लोक तिखट म्हणून जे खातात, त्याबद्दल मी बोलत नाही. निघायच्या आदल्या दिवशी वामनभाऊंकडे जेवायला गेलो. साठी त्यांनी कधीच ओलांडली आहे. केस पांढरेशुभ्र, अंग तसंच काडीसारखं. संगीताच्या दोन्ही कानांशेजारी एकेक रुपेरी बट आली आहे. गंज उतरायची वेळ झाली होती.

तिनं नखावर थेंब घेतला. वामनभाऊ गंजाकडे पाहत नव्हते. तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिनं जीभ लावली, डोळे मिटले. ती अजून काही बोललीही नव्हती, तोच वामनभाऊ वाढप्यांना म्हणाले, "उतरवा."

मी विचारलं, तिच्या तोंडावरून मीठ कळतं?

"सगळं कळते."

"आणि ती चुकली तर?"

"तं सांगते ना. चुकलं म्हनते अन् दुरुस्त करते." त्यांनी गल्ल्यामागच्या फोटोंच्या दिशेनं पाहिलं. "आम्ही कोनीच सांगत नव्हतो. बाप नाई, भाऊ नाई, मी नाई."

जेवण झालं. निरोप घेताना मी त्यांचा हात हातात घेतला आणि सवयीनं तळहात उलटा करून पाहिला. खळगा स्वच्छ होता. कुणाही माणसाचा असावा तसा, रेषा रेषांचा. वामनभाऊ तेवढ्यात पुढे झुकले, माझ्या तोंडाचा वास घेतला, आणि मान डोलावून मला पास केलं.

ऑटोत बसून मागे वळलो तेव्हा ते गल्ल्यामागे स्टुलावर उभे होते. वडिलांच्या फोटोचा हार बदलत होते. फोटोतला तो काळ्या मिशांचा, पन्नाशीलाही पोचू न शकलेला माणूस, आणि त्याच्या गळ्यातला हार सारखा करणारा हा पांढऱ्या केसांचा. शाळेत निघालेल्या पोराची कॉलर बापानं नीट करावी, तसे ते हार नीट करत होते. खालून संगीता ओरडत होती, "बाबा, उतरा खाली, मी करते." ते उतरत नव्हते. दुपट्ट्याच्या टोकानं त्यांनी फोटोची काच पुसली, मागे झुकून पाहिलं, आणि पुन्हा एकदा पुसली.